इमेज आहे, पण नवीन डिस्क लहान पडतेय

प्रश्न: माझा घरचा डेस्कटॉप पाच वर्षांचा आहे, विंडोज ११. आत १ टीबीची हार्ड डिस्क होती, त्यातली साधारण ३१० जीबी भरलेली. दोन महिन्यांपूर्वी मुलाने फोनवरून सांगितलं तसं कंट्रोल पॅनलमधून ‘सिस्टिम इमेज’, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची प्रत, बनवली आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवली. नंतर त्या डिस्कवर पसारा झाला म्हणून इमेजचा फोल्डर ‘जुने बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. मग आतली डिस्क टकटक वाजायला लागली आणि एक दिवस कॉम्प्युटर चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने ५१२ जीबीची एसएसडी बसवून त्यावर नवं कोरं विंडोज टाकून दिलं. आता इमेज परत टाकायला गेले तर पहिल्यांदा म्हणालं इमेजच सापडत नाही. मुलाने फोल्डर होता तिथे परत ठेवायला सांगितला, मग इमेज सापडली, पण आता म्हणतंय की वापरता येईल अशी डिस्कच नाही. त्यात मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ आहेत, पंधरा वर्षांचे फोटो आहेत, आणि माझ्या हिशेबाच्या कामाचं जुनं सॉफ्टवेअर आहे ज्याचा इन्स्टॉलर आता कुठेही मिळत नाही. सगळं गेलं का? आणि पुढच्या वेळी काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक श्वास घ्या, कारण तुमचं पत्र वाचून मला तरी काही गेलंय असं दिसत नाही. इमेज सापडली, विंडोजने ती वाचली, तारीख दाखवली, म्हणजे ती आहे. अडलंय ते फक्त ठेवायच्या जागेवर. विंडोजची स्वतःची जी इमेजची सोय आहे ती मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज उतरवत नाही, मग आत भरलेलं कितीही कमी असो. तुमचे ३१० जीबी ५१२ मध्ये आरामात मावतील हे तुम्हाला दिसतं, मला दिसतं, पण ती सोय भरलेला भाग बघत नाही, ती अख्ख्या डिस्कचा आकार बघते, १ टीबीची होती तर १ टीबी किंवा त्याहून मोठी आण म्हणते आणि तिथेच थांबते. पहिल्यांदा सापडली नाही त्याचं कारणही असंच साधं आहे, तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर सगळ्यात वरच्या पातळीवर, कुठल्याही दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही अशा जागी असावा लागतो आणि त्याचं नाव विंडोजने ठेवलंय तेच असावं लागतं, विंडोज, इमेज, बॅकअप हे तिन्ही शब्द सलग, मधे जागा नाही. आतल्या कॉम्प्युटरच्या नावाच्या आणि तारखेच्या फोल्डरांनाही हात लावायचा नाही.

आता कुठलंही बटण दाबायच्या आधी एक काम करा. आत्ता जगात तुमच्या फोटोंची धड चालणारी प्रत एकच आहे, त्या एका बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क गेले काही दिवस तुम्ही सारखी लावताय, काढताय, रिस्टोअरच्या खटपटीत वापरताय. म्हणून आधी तो अख्खा फोल्डर दुसऱ्या एखाद्या डिस्कवर कॉपी करा, कुणाची तरी मागून आणा पण करा. ही दुसरी डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची असू द्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावतच नाही आणि तुमच्या इमेजमधली मुख्य फाइल त्याच्या कितीतरी पट मोठी असणार. फोल्डर उघडताना परवानगी नाही वगैरे आलं तर कंटिन्यू दाबा, घाबरायचं कारण नाही. वेळ लागेल हे धरून चाला. यूएसबी ३ चं पोर्ट असेल, आतून बऱ्याचदा निळं असतं ते, आणि साधी फिरणारी डिस्क असेल तर सेकंदाला साधारण १०० एमबी जातात म्हणजे ३१० जीबीला तास धरा, पण तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावलीत तर अडीच तास कुठे गेले नाहीत. कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा आणि मधे मधे केबल हलवू नका.

कॉपी झाली की मूळ बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवा आणि इथून पुढे फोटोंसाठीची सगळी उघडझाप या कॉपीवरच करा.

फोटो आणि व्हिडिओ तर तुम्ही आज संध्याकाळीच बघू शकता, त्यासाठी काही रिस्टोअर करायची गरजच नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून जरा नीट सांगते. विंडोजची इमेज म्हणजे कुलूपबंद पेटी नाही, त्या फोल्डरच्या आत व्हीएचडीएक्स नावाच्या फाइली असतात आणि प्रत्येक फाइल म्हणजे तुमच्या जुन्या डिस्कचा एकेक भाग असतो. दोन-तीन लहान असतील, ते बूटचे आणि रिकव्हरीचे भाग, ते सोडून द्या. जी सगळ्यात मोठी आहे तो तुमचा जुना सी ड्राइव्ह. आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, वरच्या अ‍ॅक्शन मेनूत ‘अटॅच व्हीएचडी’ असेल, त्यात ती मोठी फाइल दाखवा, आणि खाली एक नवीन डिस्क लागल्यासारखी दिसेल. तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालं नसेल तर राइट क्लिक करून द्या. मग तो ड्राइव्ह नेहमीसारखा उघडा, यूझर्समध्ये जा, तुमच्या जुन्या नावाचा फोल्डर उघडा, परत परवानगीचं विचारेल, कंटिन्यू, आणि समोर तुमचं जुनं डेस्कटॉप, पिक्चर्स, डॉक्युमेंट्स जसंच्या तसं. तिथे ‘रीड ओन्ली’ची खूण पण असते आणि एरवी मी ती करा म्हणाले असते, पण ती केली की कंटिन्यू दाबून परवानगी बदलताच येत नाही आणि माणूस दारातच अडकतो, म्हणूनच आधी कॉपी करा म्हटलं, कॉपीवर काय झालं तरी मूळ शाबूत.

इमेज काढली तेव्हा डिस्क आजारी पडायला लागली असेल तर काही फाइली तेव्हाच खराब झालेल्या असू शकतात, त्यामुळे नुसती फोल्डरची यादी बघून समाधान मानू नका. व्हिडिओ उघडा, थोडा सुरुवातीचा, थोडा मधला, थोडा शेवटचा भाग चालवून बघा. फोटोंचे फोल्डर मोठ्या थंबनेलमध्ये लावा आणि हळूहळू खाली जा, अर्धा करडा झालेला फोटो लगेच डोळ्यात भरतो.

राहिलं तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि खरं दुखणं तेच आहे. प्रोग्रॅम फोल्डर उचलून नव्या विंडोजवर टाकला की चालतो असं क्वचितच होतं, कारण त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, असतात, लायसन्स कुठेतरी दडवलेलं असतं, चार फाइली सिस्टिम फोल्डरात असतात. त्याचा डेटाचा फोल्डर तेवढा आधीच वेगळा काढून ठेवा, पण प्रोग्रॅम जिवंत हवा असेल तर जुनं विंडोज जसं होतं तसं उभं करावं लागेल. अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची ती याचसाठी, नाहीतर फोटो काय, साध्या कॉपी-पेस्टनेही सांभाळता येतात.

त्यासाठी दोन वाटा आहेत. एक वाट अशी की १ टीबीची कुठलीतरी डिस्क तात्पुरती मिळवायची, इमेज तिच्यावर उतरवायची, मग सी ड्राइव्ह आक्रसून लहान करायचा आणि तिथून ५१२ च्या एसएसडीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, मारायचा. होतं, पण वाटेत खड्डे आहेत. विंडोज ड्राइव्ह आक्रसताना मधेच अडतं कारण पेजफाइल आणि हायबरनेशनच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कामाच्या, फाइली जागा सोडत नाहीत, आणि रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो वेगळा भाग, बऱ्याचदा अगदी शेवटी बसलेलं असतं ते वेगळ्या टूलने अलीकडे सरकवावं लागतं. मला विचाराल तर या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नका. दुसरी वाट म्हणजे ५१२ च्या जागी १ टीबीची एसएसडी घ्या, ५१२ वाली बदलून मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर तिला बाहेरचं कव्हर घालून वापरा, वाया जात नाही. फक्त खोक्यावर ९६० जीबी लिहिलेली घेऊ नका, ऐकायला जवळजवळ सारखंच वाटतं पण ती १ टीबीपेक्षा लहान आहे आणि तुम्ही परत त्याच मेसेजपाशी येऊन थांबाल. आणि नवीन डिस्क लावल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर फसवलं असं समजू नका, बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, तुमची जुनी डिस्कसुद्धा ९३१ च दाखवत असणार.

डिस्क आली की रिस्टोअरचा दिवस असा जाईल. चालू कॉम्प्युटरवरून आधी ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ चं इन्स्टॉलेशन बनवून घ्या, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल हे फुकटात करून देतं, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल तेवढं लक्षात ठेवा. मग कॉम्प्युटर बंद, वायर काढा, ५१२ ची एसएसडी बाहेर, १ टीबीची आत. कॉम्प्युटरला फक्त तीनच गोष्टी लागलेल्या असू द्या, नवीन डिस्क, इमेजची बाहेरची डिस्क आणि हा पेनड्राइव्ह. बाकी काही म्हणजे काही नको, कारण रिस्टोअरच्या पडद्यावर डिस्क फॉरमॅट करून पुन्हा विभागण्याची एक खूण असते आणि तिच्या तावडीत चुकीची डिस्क सापडली तर ती पुसली जाते, कुठल्या डिस्क वगळायच्या त्याचं बटण तिथे असतं पण जी डिस्क लावलेलीच नाही तिला वगळायचीही गरज नाही. चालू करताना बूट मेनूची की दाबा, कंपनीप्रमाणे एफ१२, एफ११, एफ९, एस्केप असं काहीतरी असतं, आणि तिथे तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावापुढे यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर चालू होण्याची नवी पद्धत, आहे तो निवडा. पाच वर्षांपूर्वीचं मशीन आणि विंडोज ११ म्हणजे तुमची इमेज यूईएफआय पद्धतीचीच असणार, आणि पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने चालू झाला तर रिस्टोअर वेगळीच कुरकुर करतं आणि माणसाला वाटतं इमेजच खराब आहे.

पेनड्राइव्ह चालू झाला की इन्स्टॉल नाही दाबायचं! रिपेअरचा पर्याय घ्यायचा, मग ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे सिस्टिम इमेज रिकव्हरी, लगेच दिसलं नाही तर ‘आणखी रिकव्हरी पर्याय’ अशी ओळ असते तिच्यामागे लपलेलं असतं. यावेळी इमेज सापडेल, तारीख बरोबर आहे ना ते बघा, फॉरमॅट करण्याची खूण ठेवा, आणि सुरू करा. तासभर, दीड तास पट्टी पुढे सरकत राहील, मधे थांबल्यासारखी वाटली तरी हात लावू नका. रीस्टार्ट होताना पेनड्राइव्ह काढा आणि तुमचा जुना वॉलपेपर समोर येईल. मदरबोर्ड तोच आहे त्यामुळे विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप लागायला हवं. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र काही वेळा डिस्कचा नंबर बघून लायसन्स देतं, तसं असेल तर ते परत विचारेल, जुनी पावती किंवा की शोधून ठेवा.

आता पुढच्या वेळचं. ताई, बॅकअप घ्यायला बसतो तेव्हा कॉम्प्युटर चालू असतो, सगळं हाताशी असतं, आणि आपण विचार करतो तो फक्त घ्यायचा. परत टाकायची वेळ येते तेव्हा समोर काळा पडदा असतो, काही म्हणजे काही चालू होत नसतं, आणि त्या घडीला जे हातात असेल तेवढंच. म्हणून माझं म्हणणं असं की तयारी त्या काळ्या पडद्यापासून उलटी करत यायची, कॉम्प्युटर आत्ता बंद पडला तर पहिली वस्तू कुठली लागेल, मग दुसरी कुठली, असं. पहिली लागेल ती चालू होणारा पेनड्राइव्ह, म्हणजे तो इमेजच्या आधी बनवायचा आणि तुमच्याच मशीनवर तो चालू होतो हे बघून ठेवायचं. मग बूट मेनूची की कुठली ते एका कागदावर. मग डिस्क केवढी होती ते. आणि मग बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या, तिला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची की, हिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपची इमेज घ्यायला मी बसले होते, पेनड्राइव्ह चालू व्हावा म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद केली, इमेज घेतली, परत लॅपटॉप चालू केला तर निळा पडदा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. आम्हाला दोघींना माहीतच नव्हतं की त्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, आता बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. की होती त्या अकाउंटमध्ये, अकाउंटचा पासवर्ड होता ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला, तो ब्राउझर होता त्याच बंद लॅपटॉपवर, आणि पासवर्ड बदलायला ओटीपी जायचा तो तिने कधीच सोडलेल्या नंबरवर. ती काही न बोलता त्या निळ्या पडद्याकडे बघत बसली होती ते मला अजून आठवतं. शेवटी सिक्युअर बूट परत चालू केली आणि लॅपटॉप की न मागता उघडला, पण डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ असती तर काहीही करता आलं नसतं. म्हणून तुमच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते आजच बघा, असेल तर ते ४८ आकडे कागदावर लिहा, प्रिंट काढा, आणि तो कागद कॉम्प्युटरपासून लांब ठेवा. विंडोज चालू असताना त्याच्या आतून काढलेली इमेज एन्क्रिप्ट केलेली नसते, म्हणजे ज्याच्या हाती ती बाहेरची डिस्क लागेल त्याला तुमचं सगळं उघडं दिसेल, तेव्हा ती कुठेही पडू देऊ नका.

इमेज कशाने घ्यायची? विंडोजची ती जुनी सोय अजून कंट्रोल पॅनलमध्ये आहे पण मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये विंडोज १० च्या वेळी ती सोडून दिल्यात जमा केली आणि अख्ख्या डिस्कच्या बॅकअपसाठी दुसऱ्यांची सॉफ्टवेअर वापरा असं सांगितलं, त्यामुळे यावेळी तिने तुम्हाला तारलं तरी पुढे तिच्यावर विसंबू नका. बरेच जण मॅक्रियमच्या फुकट आवृत्तीचं नाव सांगतील, तिचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला संपला. मी घरच्या माणसांना रेस्क्यूझिला सांगते. ते फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालू होतं, माउसने चालतं, पहिल्याच पडद्यावर बॅकअप, रिस्टोअर, क्लोन, व्हेरिफाय अशी मोठी बटणं असतात, आणि त्याची इमेज क्लोनझिला नावाच्या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही कळते, म्हणजे उद्या एक बंद पडलं तर दुसऱ्याने उघडता येते. विंडोज बंद असताना ते बाहेरून डिस्क वाचतं आणि फक्त भरलेला भाग उचलतं. अट इथेही आहे, नवीन डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. आणि डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर त्याला भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं कळत नाही, मग ते सगळंच्या सगळं उचलतं आणि इमेज डिस्कएवढी फुगते.

रेस्क्यूझिला वापरताना दोन गोष्टींवर माणसं हमखास अडतात. एक, विंडोज आपण शट डाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते पुरतं बंद झालेलं नसतं, अर्धं झोपलेलं असतं, आणि मग बाहेरून डिस्क वाचताना तक्रार येते. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, की ते खरोखर बंद होतं. दुसरं, तिथे सी, डी अशी अक्षरं नसतात, डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात आणि आपली कुठली ते नावावरून कळत नाही. आकार आणि मॉडेल वाचा, मोठ्याने वाचा, रिस्टोअर करताना तर दोनदा, कारण कुठून आणि कुठे यात अदलाबदल झाली की भरलेली डिस्क पुसली जाते, आणि एसएसडीवरून गेलेलं तर सहसा परत मिळतच नाही.

इमेज झाली की व्हेरिफाय, म्हणजे इमेज धड आहे का याची तपासणी, चालवा, तेवढा वेळ द्याच. मग त्याच दिवशी रिस्टोअरचं बटण दाबून पुढे पुढे जा, इमेज दिसते का, आतली पार्टिशनं दिसतात का बघा, आणि शेवटच्या ‘सुरू करू का’ या प्रश्नापाशी थांबून मागे या. यावेळी फोल्डर हलवल्यावर तुम्ही विंडोजच्या इमेजचं असंच इथपर्यंत करून बघितलं असतं तर ‘इमेज सापडत नाही’ हे तुम्हाला तेव्हाच, कॉम्प्युटर धडधाकट असताना कळलं असतं.

वनड्राइव्ह वापरत असाल तर ज्या फाइलींवर नुसतं ढगाचं चिन्ह असतं त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, फक्त नाव असतं, म्हणून इमेजमध्येही फक्त नावच जातं. तिथले महत्त्वाचे फोल्डर राइट क्लिक करून ‘कायम या डिव्हाइसवर ठेवा’ असं करा आणि उतरू द्या, मगच इमेज. आणि वनड्राइव्ह हाच बॅकअप असं मात्र समजू नका, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, काही दिवस रिसायकल बिनमध्ये राहतं एवढंच.

बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर ते लावलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतं, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरच्या वेळी जगभर लाखो कॉम्प्युटर असेच अडकले होते, आणि बॅकअपची डिस्क तेव्हा लावलेलीच असेल तर तिचा काही उपयोग नाही. दोन डिस्क जमल्या तर आलटूनपालटून वापरा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा हिशेब हाच, प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. घरच्या माणसाला तिन्ही जमतीलच असं नाही, पण घराबाहेरची एक प्रत जमवाच.

किती दिवसांनी घ्यायची म्हणाल तर अख्खी इमेज दोन-तीन महिन्यांनी एकदा आणि विंडोजचं मोठं अपडेट किंवा डिस्क बदलायच्या आधी हमखास, एवढं पुरे. फोटो, व्हिडिओ आणि हिशेबाचा डेटा मात्र आठवड्याला साध्या फाइली म्हणून वेगळे कॉपी करत जा, इमेजमध्ये आहेत तरीसुद्धा. इमेजची फाइल एका जागी बिघडली तर आतलं बरंच काही अडकू शकतं, साध्या फोल्डरात एक फोटो बिघडला तर एकच जातो.

शेवटी ती टकटक करणारी डिस्क. इमेज काढल्यानंतरच्या दोन महिन्यांत तुम्ही जे नवीन केलं ते फक्त तिच्यावर आहे, म्हणून ती टाकून दिली नसेल तर सांभाळून ठेवा आणि त्या दोन महिन्यांत काय काय होतं त्याची आधी यादी करा. मोबाइलमधून घेतलेले फोटो अजून मोबाइलमध्ये असतील, मेलने पाठवलेले हिशेब पाठवलेल्या मेलमध्ये असतील, असं करत करत यादी कदाचित संपूनही जाईल. तरी काही उरलंच तर ती डिस्क यूएसबी अ‍ॅडॉप्टरने लावायची, विंडोज ‘तपासून दुरुस्त करू का’ विचारेल त्याला नाही म्हणायचं, चेकडिस्क अजिबात चालवायचं नाही कारण ते आजारी डिस्कवर उलटसुलट लिहायला लागतं, आणि यादीतल्या फाइली सगळ्यात महत्त्वाची आधी अशा क्रमाने उचलायच्या. आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर लगेच बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका. तरीही त्या फाइली हव्याच असतील तर मग ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं आहे, आणि त्यांच्याकडे डिस्क जितकी कमी चालवलेली जाईल तितकं बरं. नव्या डिस्कवरून फोटो उघडून बघितले, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू झालं, आणि नव्या डिस्कची पहिली इमेज घेऊन व्हेरिफाय झाली, एवढं होईपर्यंत ती जुनी डिस्क कपाटातच असू द्या.